हातावरची मेणबत्ती

चित्रकलेतलं मला काय कळतं, असं कुणी विचारलं तर मी गप्प बसतो. पण कुणी विचारलं नाही, तर मला आवरणं कठीण जातं. परवा भाचा बार्शीहून आला, शर्टाच्या बाह्या दुमडून पाटावर बसला, आणि त्याच्या डाव्या हातावर, मनगट आणि कोपर यांच्या मधोमध, मला एक मेणबत्ती दिसली. चांगली चार बोटं उंच. ज्योत एका बाजूला कललेली, अंगावरून मेणाचे तीन ओघळ, आणि बुडाशी काहीतरी गोल, गुळगुळीत.

"धुतल्यावर जातं ना रे?" आमच्या सौ.नी विचारलं.

"नाही मामी, टॅटू आहे."

"मग तुळस तरी काढायचीस!"

या मताला परंपरेचा आधार आहे. माझ्या आजीच्या हातावर तुळस होती, जत्रेत गोंदवलेली. मेल्यावर अंगावरचे सगळे दागिने काढून घेतात, गोंदण तेवढं बरोबर येतं, असं ती सांगायची. त्या तुळशीचा अर्थ काय, असं तिला जन्मात कुणी विचारलं नाही. तुळशीचा अर्थ तुळस. मेणबत्तीचं तसं नाही. ती वांद्र्याच्या मतमाउलीपुढे शोभते. तिथे तर नवसाला मेणाचा अख्खा हात मिळतो. पण आमच्यासारख्यांच्या घरी तिची जागा ड्रॉवरमध्ये, संपलेल्या काडेपेटीशेजारी. केकवर चढून ती एकदा पुढच्या खोलीत आली, तेव्हाही आई कुरकुरली होतीच की, ज्या दिवशी ओवाळायचं त्याच दिवशी फुंकर कसली मारता? तेव्हा अशा पाहुणीला थेट हातावर घ्यायचं, तर तिचा अर्थ शोधायला हवा. मी दोन दिवस वाचन केलं. हा माझा जुना दोष आहे.

तिसऱ्या रात्री जेवणं झाल्यावर भाच्याला समोर बसवून मी समीक्षा सुरू केली.

मेणबत्ती म्हणजे आयुष्य, हा युरोपातला फार जुना समज. बायको गेल्याची खबर येते तेव्हा शेक्सपिअरच्या मॅकबेथलाही तीच आठवते. सतराव्या शतकातले डच चित्रकार टेबलावर कवटी, वाळूचं घड्याळ आणि विझलेली वात मांडून गिऱ्हाइकाला मरणाची आठवण द्यायचे, आणि गिऱ्हाईक पैसे मोजून ती आठवण भिंतीवर टांगायचं. 1640 च्या सुमारास जॉर्ज द ला तूर या फ्रेंच चित्रकाराने मेणबत्तीपुढे बसलेली मेरी मॅग्डालीन रंगवली. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात ते चित्र आहे. तिच्याही मांडीवर कवटी! कवटी आणि मेणबत्ती ही जोडी आपल्याकडच्या वरण-भातासारखी. गोंदणाऱ्यांनी ती तशीच उचलली.

त्यांची दुसरी आवड म्हणजे दोन्ही टोकांनी जळणारी मेणबत्ती. ही म्हण फ्रेंचांकडून इंग्रजीत आली तेव्हा तिचा अर्थ होता निव्वळ उधळपट्टी. मेणबत्त्या महाग होत्या ना! पुढे ती रात्रीचा दिवस करणाऱ्यांना लागू झाली. 1920 च्या संग्रहात एडना सेंट व्हिन्सेंट मिले या अमेरिकन कवयित्रीने तिच्यावर चार ओळी छापल्या आणि तिला चक्क ऐट आली. उलट 1963 साली डायना रेडहाउस यांनी अ‍ॅम्नेस्टीसाठी काटेरी तारेत वेढलेली मेणबत्ती काढली. तिथे ती मरणाची नव्हे, आशेची खूण. थोडक्यात, मेणबत्ती सांगाल ते काम करते.

मला स्वतःला भावली ती वेगळीच गोष्ट. एडिसनने 1876 साली विजेवर चालणाऱ्या लेखणीचं पेटंट घेतलं होतं. कागदाला भोकं पाडून प्रती काढायची ती लेखणी. तिच्याच धर्तीवर न्यूयॉर्कच्या सॅम्युअल ओ'रायलीने 1891 साली गोंदायच्या यंत्राचं पेटंट मिळवलं. म्हणजे ज्या गृहस्थाने 1879 साली विजेचा दिवा पेटवून मेणबत्तीच्या पोटावर पाय आणला, त्याच्याच दुसऱ्या उद्योगातून तिला माणसाच्या कातडीवर आसरा मिळाला.

इथे मी पाणी प्यायलो. सौ. केव्हाच झोपायला गेल्या होत्या.

"तेव्हा आता तुझ्या चित्राकडे येऊ," मी म्हटलं. "मुळात विषय आणि माध्यम यांचंच जमत नाही. वितळून संपते म्हणून मेणबत्तीला एवढा अर्थ, आणि तू ती काढलीस कधी न संपणाऱ्या शाईत. बरं, आयुष्य दाखवायचं तर अख्खी काढावी, नाहीतर विझलेली. ही अर्धी कशाला? ज्योत कललीय, पण वारा कुठून येतो ते दिसत नाही. आणि कवटी तर साफ फसलीय. डोळ्यांच्या खाचाच नाहीत."

"कवटी कुठाय?"

"ही काय, खाली."

भाचा हाताकडे बघत राहिला. मग म्हणाला, "मामा, ती वाटी आहे."

"वाटी?"

"स्टीलची. उपडी घातलेली."

मग हळूहळू उलगडा झाला. 2007 साली तो दहावीला होता. ऐन अभ्यासाच्या वेळी भारनियमन. अक्का उपड्या वाटीवर मेणाचे चार थेंब पाडून त्यात मेणबत्ती रोवायची आणि त्याच्या उजव्या हाताला बसून वहीच्या पुठ्ठ्याने वारा घालायची. जोरात घातला तर ज्योत जाणार, हळू घातला तर पोराला घाम. बेताबेताने तिचा हात चाले. ज्योत कललीय ती त्या पुठ्ठ्यामुळे.

"आणि अर्धी का?"

"लाइट आली की आई लगेच मालवून ठेवायची. उद्याला होईल म्हणून. तू दोन्ही टोकांचं सांगतोयस मामा, आईने एक टोकसुद्धा कधी पुरतं जळू दिलं नाही. तो गोंदणाराही म्हणत होता, याची कवटी करून देतो, उठून दिसेल. मी म्हटलं, वाटीच काढ."

अक्का जाऊन येत्या श्रावणात दोन वर्षं होतील. आठवीत असताना माझा अभ्यासही तिनेच घेतला होता, कंदिलाच्या उजेडात. कंदिलाची काच पुसायचं काम माझ्याकडे होतं, आणि ते मी कधीच धड केलं नाही.

मी चष्मा पुसला, त्याचा हात दिव्याखाली ओढला आणि पुन्हा नीट पाहिलं. समीक्षकाने काहीतरी बोलायला हवं होतं.

"वाटी जरा मोठी झालीय," मी म्हटलं.

"आमटीची आहे ती," भाचा म्हणाला.