भिंतीवरची शिंगं आणि सातबारा

नोव्हेंबर उजाडला की इथल्या ऑफिसांत कॉफीच्या मशीनपाशी हरणांच्या शिंगांचे फोटो फिरू लागतात. आपण मराठी मंडळी "वा, छान!" म्हणून हळूच सटकतो. पण जरा थांबून ऐकलं तर त्या गप्पांतही एक जातिभेद जाणवतो. "हे पब्लिक लँडवरचं हं!" असं कोणी म्हणालं की भुवया आदरानं वर जातात. खासगी रँचवर पैसे मोजून मिळवलेल्या, त्याहून मोठ्या शिंगांना तो मान नाही. हा मान रास्त आहे का? हा प्रश्न मनात ठेवून आल्डो लिओपोल्डचं 'अ सँड काउंटी अल्मनॅक' वाचावं. पुस्तक १९४९ चं. त्याच्या आदल्याच वर्षी शेजाऱ्याच्या शेतातला वणवा विझवताना लिओपोल्ड गेला.

शेवटच्या भागातल्या एका निबंधात तो ट्रॉफीला 'दाखला' मानतो. मी अमुक ठिकाणी गेलो, तिथं काही करून दाखवलं, याचा दाखला. त्यात टोपलीभर अळंबी आली, अस्वलाचा फोटोही आला. (म्हणजे आपण शाकाहारीही यात आलोच!) हॅचरीत वाढवून नदीत सोडलेला ट्राउट गळाला लागला तर मात्र दाखल्याची किंमत उतरते. पुस्तकातला हा युक्तिवाद मला सर्वांत पक्का वाटतो. उंच जाळीच्या कुंपणात दाणे घालून वाढवलेलं हरीण आणि तो ट्राउट यांत फरक काय? १८८७ साली स्थापन झालेला बून अँड क्रॉकेट क्लब शिंगं इंचाच्या आठव्या भागापर्यंत मोजतो, पण असल्या बंदिस्त कुंपणातलं जनावर नोंदवहीत घेत नाही. सातबारा कोणाच्या नावावर आहे, याला मात्र गुण नाहीत.

आणि ते बरोबरच आहे. खुद्द लिओपोल्डकडे पाहा. सरकारी जंगलखात्यात असताना त्यानं नैऋत्येकडच्या सार्वजनिक जंगलात एक लांडगी मारली. तिच्या डोळ्यांतलं तेज विझताना त्यानं पाहिलं, आणि त्या दिवसानं त्याला अभिमान नाही, पश्चात्तापच दिला. उलट १९३५ मध्ये विस्कॉन्सिनमध्ये विकत घेतलेलं मरतुकडं शेत ही त्याची खासगी जमीन. तिथं बायकामुलांसह हजारो पाइन लावले, आणि पुस्तकातली सर्वांत सुंदर पानं त्या शेतातली आहेत. ओळखीच्या शेतकऱ्याची परवानगी काढून, त्याचं कुंपण दुरुस्त करून देऊन शिकार करणारा माणूस कमी कसा ठरावा?

तरीही पब्लिक लँडच्या अभिमानात काही तथ्य आहे, आणि इथं हे पुस्तक मला अपुरं पडतं. अमेरिकेत रानातलं जनावर जमीनमालकाचं नसतं. राज्यानं ते जनतेच्या वतीनं सांभाळायचं असतं. मालक विकतो ते फक्त फाटक. नेवाडात सुमारे ८० टक्के जमीन केंद्र सरकारची, तर टेक्ससमध्ये सुमारे ९५ टक्के खासगी. म्हणजे एकाच देशात, एकाच हौसेसाठी, एकाला लायसन्स पुरतं आणि दुसऱ्याला फाटकाचं भाडंही लागतं. वायोमिंगमध्ये २०२१ साली चार शिकारी शिडी लावून एका सार्वजनिक तुकड्याच्या कोपऱ्यावरून दुसऱ्यात उतरले. खासगी जमिनीला पाय लागला नव्हता, तरी मालकानं कोर्टात खेचलं. फौजदारी खटल्यात ज्यूरीनं त्यांना २०२२ मध्ये सोडलं, आणि दिवाणी दाव्यात २०२५ मध्ये केंद्रीय अपील कोर्टानंही त्यांचीच बाजू घेतली. अशा जागेवरून आणलेली शिंगं नेम किती चांगला होता हे सांगत नाहीत. या रानात कोणालाही येता येतं, एवढं मात्र ती सांगतात.

आपल्याकडचं उदाहरण डोळ्यांसमोर आणा. कोल्हापूरच्या न्यू पॅलेसमध्ये पेंढा भरलेले वाघ आपण लहानपणी डोळे विस्फारून पाहिलेत. दाजीपूरचं जंगल तेव्हा महाराजांच्या शिकारीसाठी राखीव होतं. दुसऱ्या कोणाला तिथं बंदूक घेऊन शिरताच येत नव्हतं. लिओपोल्डच्या भाषेत तो दाखला शौर्याचा मानायचा की मालकीचा? मला तरी दुसरंच वाटतं.

फाटकावर कोण उभा आहे, याचा विचार लिओपोल्डनं आणखी एका प्रकरणात करायला हवा होता. पुस्तक इथल्या बहुतेक पब्लिक लायब्ररींत मिळतं. सुरुवात शेताच्या बारा महिन्यांपासून करा, आणि मुलांना लांडगीचा निबंध आधी वाचायला द्या. तो अवघा तीन-चार पानांचा आहे.