आरोपपत्राबाहेरचा मृत्यू

चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’ (२०१४) या चित्रपटाकडे न्यायालयीन दिरंगाईचे चित्रण म्हणून पाहिले जाते. मला तो त्याहून मूलभूत प्रश्न विचारणारा वाटतो : खटल्यात कशाचा निवाडा व्हायचा, हे ठरवतो कोण?

लोकशाहीर नारायण कांबळेवर आरोप असा की, त्याचे गाणे ऐकून वासुदेव पवार या सफाई कामगाराने गटारात उतरून आत्महत्या केली. तेव्हाच्या भारतीय दंड संहितेचे कलम ३०६ : आत्महत्येस प्रवृत्त करणे, शिक्षा १० वर्षांपर्यंत. आरोप सिद्ध करण्याचा भार सरकार पक्षावर. तोवर आरोपी निर्दोष. हे तत्त्व चित्रपटातले न्यायाधीशही नाकारत नाहीत. ते फक्त पुढची तारीख देतात. आमच्या वस्त्यांना कोर्टाचा एवढाच अर्थ ठाऊक आहे. जामीन मिळाला, तरी शाहिराला अधिक कडक कायद्याखाली पुन्हा अटक होते. दोषी न ठरताच तो तुरुंग भोगतो.

मृताची पत्नी साक्षीला येते. नवरा सुरक्षा साधनांविना उतरत होता, वास सोसावा म्हणून दारू पीत होता, झुरळ बाहेर आले तर आत हवा आहे असे ताडत होता. या साक्षीने आत्महत्येचा आरोप ढासळतो. पण त्याला तसे खाली पाठवले कोणी, हा प्रश्न खटल्याचा विषयच होत नाही. फौजदारी न्यायालय समोर आलेल्या आरोपाचा निवाडा करते, आणि त्या आरोपाची पहिली आखणी पोलिसांच्या आरोपपत्रात होते. म्हणून गाणे आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहते आणि गटाराचे मालक बाहेर राहतात.

कायदा नव्हता असे नाही. २०१३ च्या कायद्याने साधनांविना गटारात उतरवणे हा गुन्हा ठरवला. सर्वोच्च न्यायालयाने मृतांच्या कुटुंबांना २०१४ मध्ये १० लाख आणि २०२३ मध्ये ३० लाख रुपये भरपाई ठरवली. परंतु भरपाई देणे वेगळे आणि उतरवणाऱ्याला आरोपी करणे वेगळे.

चित्रपटाची एक मर्यादा नोंदवली पाहिजे. कॅमेरा दोन्ही वकिलांच्या आणि न्यायाधीशांच्या खासगी आयुष्यात रमतो. त्या विधवेचे जगणे मात्र आपल्याला मुख्यतः साक्षीच्या प्रश्नोत्तरांतूनच कळते. प्रस्थापितांचे माणूसपण जितक्या निवांतपणे दिसते, तितके तिचे दिसत नाही.

विद्यार्थी मला विचारतात, निकाल काय लागला? चित्रपट तो सांगत नाही. मी त्यांना म्हणतो, निकालाची वाट पाहण्याआधी आरोपपत्र वाचायला शिका. त्यात कोणाचे नाव आहे ते पाहा, आणि कोणाचे असायला हवे होते तेही.