सुधाकराचा रोग आणि रामलालचा उपदेश

राम गणेश गडकरी यांच्या ‘एकच प्याला’ या नाटकाविषयी मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे. सुधाकराचा अधःपात, सिंधूचे पातिव्रत्य, तळीरामाचा विनोद आणि संवादांतील अलंकारांची दाटी यांविषयी अनेक टीकाकारांनी आपली मते मांडली आहेत. त्यांची पुनरुक्ती करण्याचा आमचा हेतू नाही. बडोद्याच्या मराठी मंडळींना या नाटकाविषयी विशेष जिव्हाळा वाटतो, त्याला कारणही तसेच आहे. गडकरी 23 जानेवारी 1919 रोजी निवर्तले. त्यानंतर महिनाही लोटला नव्हता, तोच 20 फेब्रुवारी 1919 रोजी गंधर्व नाटक मंडळीने या नाटकाचा पहिला प्रयोग बडोद्यास केला. बालगंधर्व सिंधू झाले होते आणि गणपतराव बोडस सुधाकर. त्या प्रयोगाला शंभरांहून अधिक वर्षे होऊन गेल्यावर हे नाटक पुन्हा वाचीत असता एक साधा प्रश्न आमच्या मनात उभा राहिला. सुधाकराच्या भोवती एवढी प्रेमळ माणसे असता त्याला मदत अशी मिळते काय? आणि मिळत असल्यास ती कोणत्या जातीची?

कथानक वाचकांच्या परिचयाचे आहे. सुधाकर हा बुद्धिमान आणि मानी वकील. न्यायालयात झालेला अपमान आणि गमावलेली सनद यांनी तो घायाळ होतो, आणि त्या दुखऱ्या क्षणी त्याचा कारकून तळीराम त्याच्या हाती पहिला प्याला देतो. गडकऱ्यांनी व्यसनाचे मूळ स्वैराचारात दाखविले नाही, ते दुखावलेल्या मनात दाखविले, हा त्यांच्या निरीक्षणाचा पहिला पुरावा होय. दुसरा पुरावा याहून बलवत्तर आहे. सुधाकर एकदा दारू सोडतो. पश्चात्ताप खरा असतो, शपथही खरी असते. परंतु काम मागण्यासाठी तो प्रतिष्ठितांच्या दारी जातो, तेथे त्याच्या पदरी अवहेलना येते, आणि तो पुन्हा प्याल्याकडे वळतो. आज मानसोपचारशास्त्र ज्याला व्यसनाची पुनरावृत्ती म्हणते, तिचे इतके अचूक चित्र त्यापूर्वीच्या मराठी रंगभूमीवर आम्हांस आढळत नाही.

असे असूनही या नाटकात सुधाकराच्या वाट्याला जे येते ते सारे उपदेशाच्या स्वरूपात येते. रामलाल हा विचारी व निष्ठावंत मित्र आहे. तो समजावतो, विनवतो, दारूचे दुष्परिणाम सांगतो. त्याच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. पण सुधाकराला दारूचे दुष्परिणाम ठाऊक नाहीत, या गृहीतावर त्याचे बहुतेक बोलणे उभे आहे. वस्तुस्थिती उलट आहे. दारूबाजाच्या आयुष्याची तीन पर्वे पाडून त्यांची मीमांसा सुधाकर स्वतःच रामलालला ऐकवितो. ज्याला आपल्या रोगाचे असे समग्र ज्ञान आहे त्याला आणखी ज्ञान देऊन काय साधणार? त्याची उणीव दुसऱ्याच ठिकाणी आहे. वैद्यकशास्त्र या नाटकात येते ते मरणपंथास लागलेल्या तळीरामाच्या बिछान्याजवळ, आणि तेही डॉक्टर व वैद्य यांच्या वादावर प्रेक्षकांना हसविण्यासाठी. सुधाकराचे व्यसन हाच एक आजार आहे आणि त्यावर कोणाची तरी मदत मागावी, असे नाटकातील कोणालाच सुचत नाही.

येथे भगीरथाकडे लक्ष वेधणे आम्हांस अगत्याचे वाटते. भगीरथ हाही प्रेमभंगाच्या दुःखाने दारूकडे वळलेला. आर्य मदिरा मंडळात बसणारा. तो दारू सोडतो आणि पुन्हा माणसांत येतो. एकदा लागलेली दारू सुटत नाही, हे सुधाकराचे म्हणणे पुष्कळांनी नाटकाचा सिद्धांत म्हणून स्वीकारले आहे. परंतु त्याच नाटकात भगीरथ जिवंत उभा असता तो सिद्धांत टिकतो कसा? आमच्या मते ते वाक्य नाटककाराचे नव्हे, हताश झालेल्या रोग्याचे आहे, आणि ते तसेच ऐकले पाहिजे. दुर्दैव असे, की ज्याने ही वाट तुडविली आहे त्या भगीरथाला गडकऱ्यांनी मुख्यतः शरदच्या प्रणयकथेत गुंतविले. सुधाकराशेजारी बसून ‘मीही येथेच होतो’ एवढे सांगण्याचे काम त्याच्याकडे आले असते, तर नाटकाचे काय झाले असते, हा विचार मनातून जात नाही.

यात कालविपर्यास आहे, असा आक्षेप येईल. तो आम्ही अंशतः मान्य करतो. अमेरिकेत अक्रन येथे 1935 साली एक शेअरदलाल आणि एक शस्त्रवैद्य असे दोन मद्यासक्त एकमेकांना भेटले आणि त्यांतून ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’ ही चळवळ उभी राहिली. एका मद्यासक्ताचे दुसरा मद्यासक्त ऐकून घेतो, हे तिचे मर्म. अमेरिकेतील वैद्यकसंघाने मद्यासक्ती हा आजार असल्याचे 1956 साली जाहीर केले. गडकऱ्यांना हे ठाऊक असण्याचा प्रश्नच नव्हता, आणि त्यांना दोष देणे हा आमचा उद्देश नाही. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. सुधाकराला वाचविण्याची वाट होती असे म्हटले की शोकांतिकेचा कणाच मोडतो, असे कोणी म्हणेल. आम्हांस तसे वाटत नाही. जे टळण्याजोगे नव्हते त्यापेक्षा जे टळले असते आणि टळले नाही, ते अधिक जाळते. सिंधूचेच पाहा. ती माहेरची मदत नाकारते, दळणे दळते, आणि अखेरीस नवऱ्याला वाचविण्यासाठी खोटी जबानी देते. यात तिची थोरवी आहेच. परंतु घरातील दुःख उंबऱ्याबाहेर जाऊ न देण्याचा हा निर्धार दोघांनाही एकाकी करतो, हेही त्याच प्रसंगांत लिहिलेले आहे. आपण आजवर तिची पूजा केली. तिच्या मदतीला कोणी का गेले नाही, हे विचारले नाही.

मराठी गद्याने हा प्रश्न विचारला तो फार पुढे. डॉ. अनिता अवचट यांनी 29 ऑगस्ट 1986 रोजी पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले. त्यामागे अनिल अवचट यांच्या गर्दविषयीच्या लेखनाची प्रेरणा आणि पु. ल. देशपांडे यांचे साहाय्य होते. पुढे अवचटांनी ‘मुक्तांगणची गोष्ट’ लिहिली. ‘एकच प्याला’ वाचून लगेच हे पुस्तक हाती घेणाऱ्यास भाषेतील अंतर प्रथम जाणवते. गडकऱ्यांची वाक्ये उंच चढत जातात. अवचटांची वाक्ये तोकडी, घरगुती, समोरच्याशी बोलावे तशी. भाषेच्या वैभवाच्या दृष्टीने ही तुलनाच होऊ शकत नाही. संस्थेच्या घरातील माणसाने लिहिलेले असल्यामुळे त्यात आपुलकी अधिक आणि तटस्थ चिकित्सा कमी, हेही नमूद केले पाहिजे. पण रामलालपाशी जे नाही ते या गद्यापाशी आहे: ऐकून घेण्याचे धैर्य. येथे व्यसनी माणूस आपली हकिगत सांगतो आणि लेखक मध्ये उपदेश करीत नाही. बरे झालेले रुग्ण तेथे समुपदेशक होतात. म्हणजे भगीरथाला अखेर त्याचे काम मिळाले. पत्नींसाठी ‘सहचरी’ हा गट आहे. म्हणजे सिंधूलाही बोलावयास जागा मिळाली.

हा सारा विचार केवळ वाङ्मयीन राहत नाही. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने 2015-16 साली केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणीत, मद्यासक्तीच्या आजाराने ग्रस्त असलेल्यांपैकी 86 टक्क्यांहून अधिक लोकांपर्यंत उपचार पोहोचत नसल्याचे आढळले. 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने मद्य व अमली पदार्थांच्या सेवनाशी निगडित मानसिक अवस्थांचा समावेश मानसिक आजारांत केला आहे आणि उपचार मिळणे हा हक्क मानला आहे. तरीही आमच्यासारख्या, गुजरातेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांपुढे एक वेगळी अडचण राहतेच. येथे दारूबंदी आहे. घरातील माणूस पितो असे सांगणे म्हणजे आजार सांगणे की गुन्हा कबूल करणे, हा संभ्रम तोंड बंद करतो. शिवाय दुःखाची भाषा ही मातृभाषाच असते. या दृष्टीने 10 ऑक्टोबर 2022 रोजी सुरू झालेली केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ ही दूरध्वनिसेवा आम्हांस महत्त्वाची वाटते. 14416 या क्रमांकावर मराठीसह अनेक भारतीय भाषांत विनामूल्य बोलता येते. वर्षानुवर्षे नित्य पिणाऱ्याने एकाएकी, घरच्या घरी, केवळ शपथेच्या बळावर दारू तोडणे जिवावरही बेतू शकते; झटके येतात, भ्रम होतो. तेव्हा शपथेआधी डॉक्टर, हा क्रम लक्षात ठेवावा.

‘एकच प्याला’चे प्रयोग पुढेही होत राहावेत, अशीच आमची इच्छा आहे. दिग्दर्शकांना आमची सूचना एवढीच, की तळीरामाच्या हशाइतकेच लक्ष त्यांनी सुधाकराच्या शपथेनंतरच्या काळाकडे द्यावे. तो दारोदार काम मागत फिरतो, तेथेच त्याचा हात धरण्याची खरी वेळ होती. प्रेक्षकांत बसलेल्या एखाद्या सिंधूला किंवा रामलालला ती वेळ ओळखता आली, तर बडोद्यास प्रथम उभ्या राहिलेल्या या नाटकाचे एक काम, उशिरा का होईना, पुरे झाले असे आम्ही समजू.