अर्ध्या 'व'ची शिवराई

लिलावाआधी माल पाहायला ठेवतात त्या दिवशी दुपारच्या लोकलने डोंबिवलीहून मुंबईला गेलो होतो. टेबलावर दोन शिवराया, शिवाजी महाराजांच्या नावाची तांब्याची नाणी, शेजारी शेजारी होत्या, पाठोपाठचे दोन लॉट. पहिलीवर दोन्ही बाजूंची सगळी अक्षरं जागच्या जागी. दुसरीवर 'शिव'मधला 'व' अर्धाच, उरलेला अर्धा चकतीच्या बाहेर हवेत पडलेला. पहिलीभोवती चार भिंगं झुकली होती, त्यामुळे दुसरी मला निवांत हातात घेता आली. दोन दिवसांनी ती माझी झाली, पहिलीला मिळालेल्या भावाच्या जेमतेम पाचव्या हिश्शात. शेजारच्या खुर्चीवरचे गृहस्थ कीव आल्यासारखे हसले. त्यांचं हसणं बाजारभावाला धरून होतं. पण नाणं वाचायचं म्हटलं तर दोन्हींतली बोलकी कुठली, याबद्दल माझ्या मनात तेव्हाही शंका नव्हती.

आधी चकती पाहा. दोन सेंटीमीटरच्या आसपास व्यास, पण गोल म्हणावी अशी नाही; एका अंगाला पोळीसारखी ओढली गेलेली. कडेला दोन बारीक तडे आहेत, त्यांतला एक 'जा'च्या कान्यापर्यंत आत आलाय. नवखा संग्राहक तडा दिसला की नाणं खाली ठेवतो. खालचा ठसा ऐरणीत पक्का बसवलेला, त्यावर तांब्याची चकती, वरचा ठसा हातात धरलेला आणि त्यावर घणाचा घाव, अशी ही घडण. त्या एका घावात तांबं चहूकडे पसरतं आणि पसरता पसरता कडेला फाटतं. तडा हा त्या घावाचा पुरावा. साच्यात ओतून केलेल्या बनावट नाण्याची कड गुळगुळीत असते, कधी कानशीने घासून जोड लपवलेला असतो, पृष्ठभागावर सुईच्या टोकाएवढी भोकं दिसतात आणि अक्षरांचे काठ साबणाच्या झिजलेल्या वडीसारखे गुबगुबीत असतात. आमच्या या शिवराईचे काठ कडक आहेत. 'रा'च्या डाव्या अंगाला अंगठ्याचं नख लावलं तर अजून अडतं.

दर्शनी बाजूला तीन ओळी : श्री, राजा, शिव. पाठीवर दोन : छत्र, पति. बस, एवढंच. साल नाही, टांकसाळीचं नाव नाही, चित्र नाही. १६७४च्या ज्येष्ठात रायगडावर राज्याभिषेक झाला, त्या राजाचं हे नाणं. सोन्याच्या होनावरही हाच मजकूर आहे. होन इतका दुर्मीळ की तो बहुतेकांनी काचेपलीकडेच पाहिलेला. तांब्याची शिवराई मात्र पुढे पेशवाईभर आणि त्यानंतरही अनेक टांकसाळींतून निघत राहिली. त्यामुळे मजकूर तोच असला तरी प्रत्येक शिवराई महाराजांच्या हयातीतली नसते. विक्रेत्याच्या चिठ्ठीवर 'शिवकालीन' लिहिलेलं असतं ते बहुधा आशेपोटी. ओळींच्या मध्ये दोन आडव्या रेघा असलेली 'दुदांडी' शिवराई तर सरळसरळ उत्तरकाळातली. काळ ठरवायचा तो वजनावरून, ठशाच्या हातावरून, अक्षरांच्या वळणावरून. के. के. माहेश्वरी आणि केनेथ विगिन्स यांचं मराठा टांकसाळींवरचं १९८९चं पुस्तक उघडं ठेवून मी कितीतरी संध्याकाळी याच भानगडीत घालवल्या आहेत.

आता अक्षरं. त्या काळी रोजचा कारभार मोडीत चाले. कारकुनाचा हात मोडीवर बसलेला, लेखणी न उचलता पळणारा. नाण्यावर मात्र बाळबोध आहे : सुटी, उभी, शिरोरेषा घेतलेली अक्षरं. ठसा खोदणाऱ्याला ती पोलादात उलटी, आरशात दिसतील तशी कोरायची होती. माझ्या नाण्यावरचा 'श्री' पाहा. 'श'ची गाठ त्याने एका टिंबाने सुरू केलीय, मग छिन्नी वळवून पोट दिलंय, आणि दीर्घ वेलांटी शिरोरेषेवरून अशी मागे टाकलीय की तिचं टोक किनारीच्या टिंबांना जवळजवळ शिवतं. टिंबं आणि वेलांटी यांच्यात केसाएवढी फट सोडलेली आहे. तेवढी फट उलट्या कोरीवकामात सांभाळणारा हात कच्चा नव्हता.

या मजकुराची लिहिण्याची तऱ्हा नाण्यागणिक बदलते. कुठे 'शिव', कुठे 'सिव', कुठे 'शीव'. 'पति' आणि 'पती' दोन्ही. शुद्धलेखनवाले यावर नाक मुरडतील, पण संग्राहकाला हे भेद म्हणजे एकेका कारागिराची सही. मला वाटतं, ऱ्हस्व वेलांटी उलटी कोरताना ती अक्षराच्या कुठल्या बाजूला घ्यायची, इथेच काहींचा घोळ होत असावा. हा माझा तर्क. पटला तर घ्या. बाजारात मात्र या भेदांना रोख किंमत आहे. तिसऱ्या ओळीत 'शिव'च्या जागी 'शंभु' निघालं तर नाणं संभाजीराजांचं, आणि भाव कुठल्या कुठे जातो. म्हणूनच तिसरी ओळ संशयाने पाहायची. जुन्या खऱ्या नाण्यावर नवी छिन्नी चालवून अनुस्वार उठवला असेल, तर त्याच्याभोवतीचं तांबं खरवडल्यासारखं उजळ दिसतं. भिंग तिथे पहिल्यांदा न्यावं.

नाणं उलटा. उलटताच 'छत्र' कललेलं दिसेल. वरचा ठसा मोकळ्या हातात धरलेला असे आणि तो कुठल्या कोनात बसवायचा याचं बंधन नव्हतं, म्हणून दोन्ही बाजूंची अक्षरं क्वचितच एका दिशेला उभी राहतात. माझ्या नाण्यात हा फरक घड्याळाच्या काट्याने बारावरून दोनवर जावं एवढा आहे. सरळ धरून वाचा : वर 'छत्र', खाली 'पति'. एकच शब्द बरोबर मधून तोडलाय आणि त्या तोडण्यातच अर्थ नजरेला दिसतो. धन्याच्या डोक्यावर छत्र धरलेलं आहे! 'छ' आणि 'त्र' आडवे पसरून खालच्या दोन अक्षरांवर सावली करतात. मुद्दाम केलं की जागेच्या सोयीने झालं, कोण सांगणार? मी तर मुद्दामच केलं असं मानतो, आणि दर वेळी ती बाजू जरा जास्त वेळ पाहतो.

याच काळात आजूबाजूला काय चालू होतं ते ध्यानात घेतलं की या पाच ओळींची ऐट कळते. आदिलशाही आणि मोगली नाण्यांवर फारसी. कोकणच्या बंदरांत चांदीच्या तारेची दुमडलेली लारी. मुंबईत जेराल्ड आँजियर या इंग्रज गव्हर्नराने १६७२मध्ये टांकसाळ घातली आणि चांदीची अँग्लिना, तांब्याचं कॉपरून, कथलाची टिनी पाडली. स्वतःच्या नावाची ही नाणी घेऊन ईस्ट इंडिया कंपनीला आतल्या मुलखात फार पोचता आलं नाही. शेवटी १७१७ साली फर्रुखसियर बादशहाच्या परवानगीने मुंबईत मोगली थाटाचे, बादशहाच्या नावाचे रुपये पाडायची मुभा तिने पदरात पाडून घेतली. बाजारात चालायचं तर दुसऱ्याचं नाव लावावं लागतं, हे व्यापाऱ्याला उमगलेलं व्यवहारज्ञान. एवढ्याशा तांब्याच्या चकतीवर देवनागरीत स्वतःचं नाव घालणाऱ्याला ते मान्य नव्हतं.

आपल्या भागात तर दोन-तीन कोसांवर चलन बदलत असणार. कल्याण १६५७मध्ये स्वराज्यात आलं, ठाणं मात्र १७३७पर्यंत पोर्तुगीजांकडे. खाडीच्या एका काठाला शिवराई, दुसऱ्या काठाला पोर्तुगीज बुजरूक. मधल्या सराफाचा धंदा जोरात चालला असेल.

वजनाकडे वळू. माझी शिवराई ११.४ ग्रॅम भरते. जुन्या धाटणीच्या शिवराया साधारण ११ ते १३ ग्रॅमच्या, म्हणजे हिची झीज बेताची. इथे इंग्लंडच्या हातघडणीच्या पेनीची आठवण येते. ती चांदीची, त्यामुळे लोक कडा कातरून चांदी काढून घेत. त्याला आळा म्हणून १२४७मध्ये तिसऱ्या हेन्रीच्या पेनीवरचा क्रूस पार काठापर्यंत लांबवला. क्रूसाची टोकं दिसली नाहीत की नाणं कातरलेलं. कातरण्याचा हा रोग तिकडे १६६२मध्ये यंत्राची नाणी आली तरी सरला नाही. जुनी हातघडणीची नाणी चालूच होती, ती १६९६ला परत घेऊन वितळवावी लागली. शिवराईची कड कातरून कोणाला काय मिळणार? तांब्याची कातरण विकून कातरणाऱ्याचा दिवसही निघाला नसता. म्हणून इंग्रजी पेनीवर अर्धं अक्षर पाहिलं तर आधी कात्री आठवावी आणि शिवराईचा अर्धा 'व' पाहिला तर हात. ठसा चकतीपेक्षा मोठा, घाव जरा सरकला, अक्षर बाहेर पडलं. माझ्या नाण्यात छाप खाली उजवीकडे सरकली म्हणून 'व' गेला, पण त्याच सरकण्याने वर डावीकडे किनारीची नऊ टिंबं आत आली. पूर्ण अक्षरांच्या त्या महागड्या शिवराईवर एकही टिंब नव्हतं. मी पैसे मोजले ते या नऊ टिंबांचे.

लिलावातली प्रतवारी इथेच घोटाळा करते. 'व्हेरी फाइन' म्हणजे नाणं किती कमी झिजलंय. ते किती नीट उमटलंय हा वेगळा प्रश्न. एकात बाजारातल्या बोटांचा हिशेब, दुसऱ्यात घणाच्या एका घावाचा. कॅटलॉगात दोन्ही एकाच शेऱ्यात कोंबलेले असतात. म्हणून फोटोवरून बोली लावू नये. जाऊन पाहावं, काट्यावर टाकावं, शक्य तर लाकडावर हलकेच वाजवावं. नाणं वाजवून घ्यावं हे आपली भाषा उगीच सांगत नाही; ओतलेलं तांबं बद्द बोलतं. बोली लावताना हातोडा पडेल त्या भावावर लिलाववाल्याची टक्केवारी आणि जीएसटी चढणार हे डोक्यात धरावं. साधी शिवराई आजही काही शे रुपयांत मिळते, चांगली हजारांत जाते. शंभर वर्षांहून जुनं नाणं १९७२च्या कायद्याने पुरावस्तू ठरतं आणि आपल्यासारख्याला ते देशाबाहेर नेता येत नाही, हेही परदेशस्थ भाच्यांना आधी सांगून ठेवावं.

भावाची सगळ्यात शहाणी व्याख्या मला राज्याभिषेकाच्याच वर्षी सापडते. हेन्री ऑक्झिंडेन कंपनीचा वकील म्हणून रायगडावर गेला होता. तहाच्या कलमांत इंग्रजांची मागणी होती की त्यांचं नाणं महाराजांच्या मुलखात चालावं. उत्तराचा आशय असा : कुठल्याच नाण्याला आमची बंदी नाही, पण ज्यात रयतेचं नुकसान ते नाणं घ्याच असं आम्ही रयतेला सांगणार नाही. कसाला आणि वजनाला इतरांच्या बरोबरीचं असेल तर खुशाल चालवा. लिलावाच्या खोलीत, बोली डोक्यात जायला लागली की, मी हे उत्तर मनात म्हणतो.

राहिला रंग. माझ्या शिवराईवर गडद चॉकलेटी साय आहे, खोलगट भागात काळपट, शिरोरेषांवर विटकरी. ही साय यायला दीडदोनशे वर्षं लागतात आणि जायला पाच मिनिटं. कल्याणच्या आमच्या जुन्या घरात, आजीच्या देवघरात, एक तांब्याचं नाणं होतं. दर दिवाळीला पूजेच्या उपकरण्यांबरोबर तेही चिंचेने घासून लख्ख व्हायचं. आजी गेल्यावर ते माझ्याकडे आलं. ८.२ ग्रॅम, आरशासारखं गुळगुळीत. उन्हात तिरकं धरलं की एका बाजूला 'त्र'च्या वळणाची सावली तेवढी दिसते. दोन पिढ्यांच्या भक्तीने बाकीचं पुसलं. त्याला बाजारात मोडीचा भाव आहे आणि ते माझ्या संग्रहात पहिल्या कप्प्यात आहे.

येत्या दिवाळीला देवघरातलं तांब्याचं नाणं घासायला काढाल, तेव्हा आधी ते उजेडात तिरकं धरा. वर 'छत्र' आणि खाली 'पति' दिसलं, तर चिंच बाजूला ठेवा.