मधला कुठे गेला? : ‘हॅज मेनी थ्रू’ची एक तपासणी

आज जरा वेगळ्या वाटेनं जाऊ. तत्त्वज्ञानाचा माणूस डेटाबेसवर काय बोलणार, असं वाटेल तुम्हाला. पण विषय आपलाच आहे, संबंधाचा.

पुस्तक टेबलावर आहे, टेबल जमिनीवर आहे. मग पुस्तकाचा जमिनीशी संबंध आहे की नाही? आहे, पण टेबलामार्फत. नव्यनैयायिक याला परंपरासंबंध म्हणतात. थेट असेल तो साक्षात्संबंध.

‘रूबी ऑन रेल्स’ या चौकटीत हाच भेद आहे. डॉक्टरचे अनेक पेशंट, पेशंटचे अनेक डॉक्टर. सुरुवातीची सोय ‘हॅज अँड बिलाँग्ज टू मेनी’ची : मधे एक तक्ता, त्यात फक्त दोन्हीकडचे क्रमांक. त्या तक्त्याला स्वतःचं मॉडेलच नाही. २००६ साली १.१ आवृत्तीत ‘हॅज मेनी थ्रू’ आलं. आता मधे अपॉइंटमेंट उभी राहिली, तिला स्वतःची तारीख, स्वतःचे नियम. संबंधालाच पदार्थाचा दर्जा मिळाला! वैशेषिकांनी समवायाला स्वतंत्र पदार्थ मानलं, त्याची आठवण होते. इथवर मी या रचनेचं कौतुकच करतो.

माझी तक्रार पुढे आहे. एकदा ‘थ्रू’ लिहिलं की प्रोग्रामर सरळ ‘डॉक्टरचे पेशंट’ मागतो, आणि मधला दिसेनासा होतो. एकच पेशंट तीनदा येऊन गेला असेल, तर यादीत तो तीनदा येतो. ‘डिस्टिंक्ट’ आपणच सांगावं लागतं. बरं, ही चूक निदान डोळ्यांना दिसते. दुसरी दिसत नाही. त्या यादीतून पेशंट ‘डिलीट’ केला, तर पेशंटची नोंद शाबूत राहते. पुसल्या जातात त्या मधल्या अपॉइंटमेंट. म्हणजे कोण कधी आलं होतं, तो इतिहासच गेला. यादी नीट करायला गेलो आणि घडलेली गोष्ट न घडल्यासारखी झाली!

कुणी म्हणेल, सर, हे दस्तऐवजात लिहिलेलं आहे. लिहिलंय, मान्य. पण भाषा साक्षात्संबंधाची आणि कृती परंपरासंबंधावर, हा दोष त्यानं झाकला जात नाही.

म्हणून माझं म्हणणं इतकंच : वाचायला ‘थ्रू’ खुशाल वापरा. पुसायची वेळ आली की मधल्याला त्याच्या नावानं हाक मारा. अपॉइंटमेंट रद्द करायची असेल, तर ‘अपॉइंटमेंट’च म्हणा.