बिबट्या ‘बेशुद्ध’ झाला म्हणजे नेमके काय झाले?

वस्तीत बिबट्या शिरला की बातमीत एक वाक्य हमखास असते : ‘बेशुद्धीचे इंजेक्शन देऊन बिबट्याला जेरबंद करण्यात आले.’ या वाक्यात दोन दोष आहेत. ‘बेशुद्धी’ हा शब्द ढोबळ आहे, आणि इंजेक्शन व जेरबंद यांच्यामधला वेळ त्यात गडप झाला आहे. सिनेमात तर बाण लागताच प्राणी कोसळतो. विद्यार्थी हेच खरे मानून बसतात, आणि असा बिबट्या पाहायला जमणारी गर्दीही तेच मानते.

पारनेर तालुक्यातल्या टाकळी ढोकेश्वर येथे २००९ साली विहिरीत पडलेल्या बिबट्याला बाहेर काढून, गळ्यात जीपीएस पट्टा बांधून माळशेज घाटात सोडले होते. तो चालत थेट मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानापर्यंत पोचला. ‘आजोबा’ या नावाने त्याच्यावर २०१४ मध्ये मराठी चित्रपटही आला. त्याच्या प्रवासाचे कौतुक पुष्कळ झाले. पण गळ्याला हात लावू देणारा बिबट्या त्या घटकेला कोणत्या अवस्थेत असतो, हे सहसा कुणी सांगत नाही.

आपल्याकडे बिबट्यासाठी बहुधा झायलाझिन आणि केटामिन ही दोन औषधे एकत्र वापरतात. दोन्ही मध्यवर्ती चेतासंस्थेवर काम करतात, पण वेगवेगळ्या दारांतून. मेंदूला जागे ठेवणाऱ्या काही चेतापेशी नॉरअ‍ॅड्रिनलिन हे रसायन सोडतात. ते फार होऊ नये म्हणून त्या पेशींवर एक ग्राही असतो. तो जणू ब्रेकच. झायलाझिन हा ब्रेक दाबून धरते. प्राणी पेंगतो, स्नायू सैल पडतात, वेदना कमी होते. केटामिनचे काम निराळे. ग्लुटामेट या उत्तेजक रसायनासाठी असलेला एक मार्ग ते बंद करते, त्यामुळे संवेदना मेंदूत पोचूनही त्यांचा अर्थ लागत नाही. डोळे उघडेच राहतात, गिळण्याची क्रिया काही अंशी चालू असते. म्हणून तर डोळ्यांत मलम घालून वर कापड बांधतात. नुसत्या केटामिनने स्नायू ताठरतात, झटकेही येतात; ते आवरायला झायलाझिन सोबत लागते.

आता वेळेचा प्रश्न. स्नायूत टोचलेले औषध रक्तात आणि तिथून मेंदूत पोचायला पाच ते पंधरा मिनिटे तरी जातात. या काळात बिबट्या शांत राहिला तर ठीक. भोवती आरडाओरडा, दगडफेक सुरू असेल तर भीतीने त्याच्या शरीरात तीच उत्तेजक रसायने भराभर सुटतात आणि झायलाझिनचा ब्रेक सरकतो. योग्य मात्रा देऊनही प्राणी उठून अंगावर येतो, तो यामुळे. दुसऱ्या दिवशी बातमीत मात्र ‘इंजेक्शन निष्प्रभ ठरले’ असे छापून येते, गर्दीचा उल्लेख त्या वाक्यात नसतो.

हमरापूरसारख्या गावातल्या मुलांना बिबट्या बहुधा पडद्यावरच भेटतो. गुरांचा डॉक्टर मात्र ओळखीचा. वर्गात उदाहरण तिथूनच घ्यावे. बैलाच्या शिंगाला कर्करोग झाला की ते शिंग कापतात. त्या वेळी बैलाला थोडे झायलाझिन देतात. तो मान खाली घालतो, लाळ गाळतो, पण बेशुद्ध नसतो. कापण्याची वेदना थांबते ती डोळा आणि शिंग यांच्यामधल्या चेतातंतूजवळ टोचलेल्या लिग्नोकेनमुळे. ते औषध मेंदूपर्यंत जाणारा निरोपच अडवते. गुंगी एकाची, बधिरता दुसऱ्याची! शिवाय दर किलो वजनामागे घोड्याला जेवढे झायलाझिन लागते, त्याच्या सुमारे एक दशांश गाय-बैलाला पुरते. डुकरावर त्याचा असर फारच कमी. औषध तेच, ग्राहीही त्याच जातीचे, पण प्रत्येक प्राण्याची संवेदनक्षमता निराळी.

‘शुद्धीवर आणून सोडले’ हे वाक्यही असेच घाईचे. झायलाझिनला योहिम्बिन हा उतारा आहे. केटामिनला तसा उतारा नाही. उतारा लवकर दिला तर झायलाझिन हटते आणि केटामिन एकटे उरते, म्हणजे पुन्हा ताठरपणा आणि झटके. म्हणून केटामिनचा अंमल ओसरेपर्यंत, अर्धा-पाऊण तास, पशुवैद्य नाडी, श्वास आणि शरीराचे तापमान मोजत थांबतो. तापमान मोजायचे, कारण या अवस्थेत ते आवरण्याची मेंदूची शक्तीही मंदावलेली असते, आणि उन्हात ठेवलेला पिंजरा भराभर तापतो.