मतपेटीतला गोमंतक

गोवामुक्तीवरचे मराठी लेखन वाचताना एक उणीव मला सतत जाणवते. सत्याग्रह, आग्वादचा तुरुंग, 19 डिसेंबर 1961 चा तिरंगा येथवर लेखणी भरभरून वाहते आणि तेथेच थबकते. लष्करी कारवाईनंतर दोन वर्षांच्या आत, 9 डिसेंबर 1963 रोजी, गोमंतकीयांनी प्रौढ मताधिकाराने पहिले सरकार निवडले. पोर्तुगीज अमलात मताचा हक्क मूठभरांचा होता. त्या पहिल्या मतदानाचे चित्रण मात्र आपल्याकडे बहुधा आकड्यांवर भागते : तीसपैकी मगो पक्ष 14, मित्र प्रजासमाजवादी 2, युनायटेड गोवन्स 12. मुक्तीचे श्रेय सांगणाऱ्या काँग्रेसला गोव्यात भोपळा!

हा कौल मराठीचा, असा अर्थ आपल्या लेखकांनी लावला. मला तो उथळ वाटतो. खाणमालक असूनही भाऊसाहेब बांदोडकर कुळा-मुंडकारांना आपले वाटले, कारण भाटकाराच्या दारात वाकणाऱ्याला प्रथमच भाटकाराइतकेच एक मत मिळाले होते. भाषा त्या मतात होती, पण एकटी नव्हती. तसे असते तर 16 जानेवारी 1967 च्या जनमत कौलाचा उलगडा होत नाही. विलीनीकरणाच्या बाजूने 1,38,170 आणि विरोधात 1,72,191! कौलाआधी मगोचे सरकार पायउतार झाल्यावर हे घडले.

आणि गंमत पाहा, विलीनीकरणाविरुद्धची धारदार लेखणी चालली ती मराठीतच. ‘राष्ट्रमत’मधले उदय भेंब्रे यांचे ‘ब्रह्मास्त्र’ हे सदर मराठी होते. म्हणजे ज्या भाषेत ‘गोमन्तक’ दैनिक महाराष्ट्राची वकिली करीत होते, त्याच भाषेत तिला उत्तर मिळत होते. एवढे नाट्य हाताशी असून आपली समीक्षा त्या अग्रलेखांकडे वाङ्मय म्हणून पाहत नाही. मनोहरराय सरदेसायांच्या कविता, उल्हास बुयांव यांची गाणी कोकणी म्हणून बाजूला ठेवली, ते एक वेळ समजते. पण हे तर आपलेच गद्य!

बडोद्यात घरी मराठी व बाजारात गुजराती बोलणाऱ्या आम्हांला हे लवकर कळायला हवे होते. मातृभाषेवरून आमचे मत कोणी ओळखू लागला तर आम्ही हसतो. मग म्हापशाच्या मतदाराला तेच माप का लावायचे? त्याच 1967 च्या कौलात गुजराती बोलणाऱ्या दमण-दीवनेही गुजरातेत जायला नकार दिला. त्याविषयी मराठीत काही लिहिले गेले असेल, तर ते माझ्या वाचनात अद्याप आलेले नाही.